शिकारीची मर्यादा : सोपाऱ्याचा शिलालेख आणि फासेपारधी

मुंबईच्या उत्तरेस सोपारा येथे १८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. पूर्वीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे मृगया आणि तत्सम करमणुकीसाठी, निघत असत. अभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोकाने तिच्या जागी धर्मयात्रा सुरू केली, असा या लेखाचा आशय आहे. येथे सुटली ती हौसेची शिकार. पोटासाठी होणाऱ्या हत्येचा प्रश्न त्याहून अवघड होता, आणि पहिल्या शिलालेखात तो थेट राजाच्या मुदपाकखान्यात येऊन पोचतो : जेथे कालवणासाठी रोज असंख्य जीव मारले जात, तेथे आता दोन मोर आणि एक हरीण एवढेच मारले जातात, त्यातही हरीण नित्य नाही, आणि पुढे हेही थांबेल, असे तो सांगतो. हरणाला जी सूट मिळाली ती मोराला मिळाली नाही, हे लपवावे असे राजाला वाटले नाही.

राज्याभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षीच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादीच आहे. तीत गाभण किंवा दूध पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या व डुकरिणी आणि सहा महिन्यांच्या आतील पिल्ले यांना अभय दिलेले असून ठरावीक तिथींना मासे मारण्यासही मनाई आहे. बंदी सरसकट नव्हती. दयेबरोबरच वंश राखण्याची काळजीही तीत दिसते.

हाच नियम कोणत्याही दगडावर न कोरता महाराष्ट्रातील फासेपारधी या भटक्या शिकारी जमातीने पाळला. फासा म्हणजे जनावराच्या वाटेवर लावलेला सरकगाठीचा दोर; त्यात सापडलेली गाभण हरणी आणि पाडस सोडून देण्याची त्यांची रीत परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांच्या अभ्यासामुळे नोंदली गेली. त्याच अभ्यासानुसार वैदू व नंदीवाले या भटक्या जमाती वेगळ्या जनावरांची शिकार करीत, त्यामुळे एकाच माळावर तिघांची चढाओढ फारशी होत नसे. वसाहतकाळात साहेबांची आणि संस्थानिकांची बंदूक प्रतिष्ठेची ठरली, पारधी मात्र १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांच्या जाचात सापडले, आणि त्यातून सुटका झाली ती १९५२ मध्ये. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर फाशात पकडणेही धरले. त्यामुळे गाभण हरणी सोडून देणारा पारधीही कायद्याच्या लेखी गुन्हेगारच ठरतो.