फुटबॉलमधील संजीवनी

देवरूखच्या परिसरांत, किंबहुना साऱ्या संगमेश्वर तालुक्यांत, मैदान म्हटलें कीं आधीं कबड्डी आठवते. जुन्या हुतूतूचे तीन प्रकार होते. संजीवनींत बाद झालेला गडी, प्रतिपक्षाचा गडी बाद होतांच, उठून पुन्हां खेळावयास लागतो. गामिनींत एकदां बसला तो बसला; सारा संघ बाद होईपर्यंत त्यानें रेषेबाहेरून पाहात राहावें. अमर या प्रकारांत बाद झालेला गडी बाहेर जातच नाहीं, केवळ गुण मोजले जातात. इंग्लंडांतून आलेल्या फुटबॉलच्या खेळांत हेच तीन प्रकार गड्यांच्या नव्हे, तर संपूर्ण संघांच्या बाबतींत चालतात. देवरूखकरांना मुंबईपेक्षांहि जवळ असलेल्या गोव्यानें एकविसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत या तिन्हींची चव घेतली.

फुटबॉलच्या लीगमध्यें वरचा वर्ग व खालचा वर्ग असे भाग असतात. हंगामाच्या शेवटीं वरच्या वर्गांत तळाशीं राहिलेले संघ खालीं जातात व खालचे अव्वल संघ वर चढतात. शाळेंत मुलगा नापास झाला तर त्याच वर्गांत राहतो. येथें तो मागच्या इयत्तेंत जाऊन बसतो, इतकी ही शिक्षा कडक आहे. असें असूनहि आपला संघ घसरणीला लागलेला दिसला, कीं त्याच्या चाहत्यांमध्यें एक चमत्कारिक चर्चा सुरू होते. खालीं गेलों तर काय वाईट? निदान सामने तरी जिंकूं. महागडे, मन उडालेले खेळाडू आपोआप निघून जातील. गांवच्या पोरांना संधि मिळेल. दर आठवड्याचा अपमान तरी टळेल. इष्टापत्ति हा शब्द मराठींत अशाच प्रसंगासाठीं आहे. प्रश्न एवढाच, कीं ती आपत्ति खरोखर इष्ट ठरते केव्हां?

ही पद्धत इंग्लंडांतली. १८८८ सालीं बारा संघांनीं मिळून तेथें पहिली फुटबॉल लीग उभी केली आणि १८९२ मध्यें तिला दुसरा वर्ग जोडण्यांत आला. आरंभीं वरच्या वर्गांतील शेवटचे आणि खालच्या वर्गांतील पहिले संघ यांच्यांत परीक्षेचे सामने होत व त्यांवरून चढउतार ठरे. १८९८ च्या एप्रिलांत स्टोक आणि बर्नली यांची अशी गांठ पडली, कीं सामना बरोबरींत सुटला तर दोघांचाहि निभाव लागणार होता. मग काय विचारतां! दोघांनींहि गोल करण्याचें नांवच घेतलें नाहीं. चिडलेल्या प्रेक्षकांनीं आपल्याकडे आलेला चेंडू परत देण्याचें नाकारलें, असें सांगतात. त्या तमाशानंतर परीक्षेचे सामने बंद झाले आणि गुणांच्या क्रमानें आपोआप चढउतार होऊं लागली.

इष्टापत्तीचें सर्वांत नांवाजलेलें उदाहरण मँचेस्टर युनायटेडचें आहे. १९६८ सालीं युरोपचा चषक जिंकणारा हा संघ सहाच वर्षांत दुसऱ्या वर्गांत गेला. २७ एप्रिल १९७४ रोजीं त्याच्याच मैदानावर शेजारच्या मँचेस्टर सिटीनें त्याचा एका गोलानें पराभव केला. तो गोल पूर्वीं युनायटेडचाच लाडका असलेल्या डेनिस लॉ यानें केला होता. इतर निकाल असे लागले, कीं तो गोल झाला नसता तरी युनायटेड खालीं जाणारच होता. पण लोकांच्या स्मृतीला गणित रुचत नाहीं, तिला खलपुरुष हवा असतो. पुढच्या हंगामांत दुसऱ्या वर्गांत खेळत असतांना युनायटेडच्या मैदानावर साऱ्या इंग्लंडांत सर्वाधिक गर्दी जमली. तरुण संघ खुल्या दिलानें खेळला, १९७५ मध्यें त्या वर्गांत पहिला आला आणि १९७७ सालीं त्यानें एफ. ए. चषक जिंकला. थकलेल्या संघाची मोडतोड करण्याचें धैर्य वरच्या वर्गांत राहून कोणालाहि झालें नसतें, असा युक्तिवाद तेव्हांपासून चाहते करीत आले आहेत, आणि त्यांत तथ्य आहे.

आपल्या देशांत कलकत्त्याच्या लीगनें हा अनुभव फार पूर्वीं घेतला. १९२० सालीं स्थापन झालेला ईस्ट बंगाल १९२५ मध्यें पहिल्या वर्गांत आला, १९२८ मध्यें घसरला आणि १९३१ च्या हंगामानंतर परत वर चढला. त्यानें पहिल्या वर्गाचें विजेतेपद प्रथम मिळविलें तें १९४२ सालीं. मोहमेडन स्पोर्टिंगची कथा तर याहून नवलाची. १९३३ मध्यें दुसऱ्या वर्गांत असलेल्या या संघानें १९३४ ते १९३८ अशी सलग पांच वर्षें पहिल्या वर्गाचें विजेतेपद आपल्याकडे ठेवलें. खालचा वर्ग ही तेथें अडगळीची खोली नव्हती; तेथें पूर्ण हंगाम खेळावयास मिळे, प्रेक्षक तेच शहरांतले असत आणि मैदानहि तेंच असे.

आतां गोव्याकडे वळावयाचें. वास्कोचा साळगांवकर संघ १९५६ सालचा, पणजीचा धेंपो १९६८ चा. दोहोंच्या पाठीशीं खाणमालकांचीं घराणीं. साळगांवकरनें १९९८-९९ मध्यें राष्ट्रीय लीग जिंकली. २००७-०८ मध्यें या राष्ट्रीय लीगचें रूपांतर आय-लीगमध्यें झालें आणि पहिल्याच हंगामांत गोव्यानें दोन टोकें एकदम पाहिलीं. धेंपो विजेता ठरला, चर्चिल ब्रदर्सचे गुण त्याच्याइतकेच भरले. आणि त्याच वेळीं साळगांवकर, केरळच्या व्हिवा संघासह, खालच्या श्रेणींत गेला. एका लहानशा प्रदेशांत एका घरीं तोरण आणि दुसऱ्या घरीं सुतक अशी ती स्थिति होती.

येथें कलकत्त्याची किंवा मँचेस्टरची उपमा पुरेशी पडत नाहीं. त्या काळीं भारतांतील दुसरी राष्ट्रीय श्रेणी ही पूर्ण हंगामाची लीग नव्हती. थोडे संघ, गट पाडून, थोड्या आठवड्यांत उरकलेली ती एक स्पर्धा होती. म्हणजे खालीं गेलेल्या संघाला सामने जिंकण्याचें सुख मिळावयाचें तर आधीं सामने तरी मिळावयास हवेत! साळगांवकरला तारलें तें गोव्याच्या स्थानिक लीगनें. वास्को, मडगांव, म्हापसें, पणजी यांच्यामधील चुरस राष्ट्रीय लीगहून जुनी आहे. राष्ट्रीय स्थान गेलें तरी रविवारचा सामना आणि शेजाऱ्याशीं असलेलें वैर शाबूत राहतें. गोव्याच्या चाहत्याला खालच्या श्रेणीचा विचार धीरानें करतां येतो, त्याचें कारण बव्हंशीं हेंच आहे.

२००९ मध्यें साळगांवकर परत वर आला. त्यांत दैवाचाहि वांटा होता: आय-लीगचे संघ बारावरून चौदा करावयाचे असल्यामुळें त्या वर्षीं दोनाऐवजीं चार संघांना बढती मिळाली, पुणें एफ.सी. त्यांपैकींच एक. मग मोरोक्कोचे करीम बेंचेरिफा प्रशिक्षक म्हणून आले, आणि २०१०-११ मध्यें साळगांवकर चक्क भारताचा विजेता झाला. त्याच २०११ सालीं त्यानें कलकत्त्यांत ईस्ट बंगालला हरवून फेडरेशन चषकहि नेला. तीन वर्षांपूर्वीं खालीं ढकललेल्या संघानें दोन्ही मोठीं बक्षिसें घ्यावीं, याहून इष्टापत्तीचा पुरावा तो कोणता? परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें येथें थोडें थबकावें. नंतर झालें म्हणून त्यामुळेंच झालें असें ठरत नाहीं. तीं वर्षें लोहखनिजाच्या तेजीचीं होतीं. चीनच्या मागणीमुळें गोव्याच्या खाणींना बरकत होती. खालीं गेलेल्या संघावर खर्च करीत राहण्याची मालकाची ऐपत व इच्छा, दोन्ही तेव्हां शिल्लक होत्या. संजीवनी मंत्रांत असते हें खरें, पण मंत्र म्हणणारा शुक्राचार्यहि हवा.

२०१२ च्या सप्टेंबरांत गोव्यांतील खाणी बंद झाल्या, व पुढच्या महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानेंहि त्यांना मनाई केली. त्याच वर्षीं धेंपोनें आपलें पांचवें राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें होतें. तीनच वर्षांनीं, २०१४-१५ च्या हंगामाअखेर, तो खालच्या श्रेणींत गेला. त्यांतला खरा सल निराळाच होता. गुणतक्त्यांत सर्वांत शेवटीं होता तो पुण्याचा भारत एफ.सी.; पण तो नव्यानें थेट प्रवेश मिळालेला संघ असल्यामुळें त्याला घसरणीपासून अभय होतें. त्याच्या वरचा धेंपो मात्र गेला. आणि गंमत अशी, कीं अभय मिळालेला तो संघ त्या एकाच हंगामानंतर लीग सोडून निघून गेला!

तरीहि धेंपोनें हा घाव शांतपणें सोसला. २०१६ मध्यें त्यानें दुसरी श्रेणी जिंकली आणि परतीचा हक्क मिळविला. चाहत्यांनीं मनांत मांडलेला हिशेब असा तंतोतंत जमत असतांच पाटी पुसली गेली. २०१४ सालीं सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगला देशांतील सर्वोच्च स्थान द्यावयाचें, आय-लीग तिच्याखालीं न्यावयाची, आणि वरच्या लीगमध्यें चढउतार ठेवावयाची नाहीं, अशी योजना अखिल भारतीय फुटबॉल महासंघानें २०१६ मध्यें पुढें मांडली. तिच्या निषेधार्थ साळगांवकर व स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनीं आय-लीगमधून अंग काढून घेतलें; पाठोपाठ धेंपोहि बाहेर पडला. मैदानावर मिळविलेली बढती त्यानें स्वीकारलीच नाहीं. जिना चढून जावें आणि वरच्या मजल्याचें दार भिंत घालून बंद केलेलें आढळावें, तेव्हां जिन्यांत उभें राहण्यांत काय अर्थ, असा त्या संघांचा सवाल होता. तो हट्ट म्हणावा तर म्हणावा, परंतु त्यामागची व्यथा खोटी नव्हती.

मुंबईकरांना याच सुमारास गामिनीचा अनुभव आला. मुंबई एफ.सी. हा २००७ सालीं निघालेला संघ २००८ मध्यें दुसऱ्या श्रेणींतून वर आला व दीर्घकाळ आय-लीगमध्यें टिकून राहिला. २०१६-१७ मध्यें तो तळाशीं गेला, घसरला, आणि मिटला. कूपरेजच्या पायऱ्यांवर बसून त्याच्यासाठीं ओरडणाऱ्यांना फायद्यातोट्याचा हिशेब मांडावयास उसंतहि मिळाली नाहीं. तत्पूर्वीं, २०१० मध्यें, माजी विजेता महिंद्र युनायटेड तर घसरल्याशिवायच बंद करण्यांत आला होता. त्याहि आधीं मफतलाल, ओर्के अशा गिरण्यांचे संघ इतिहासजमा झाले. ज्या संघाचा मालक एक कंपनी आणि ज्याचें घर भाड्याचें मैदान, त्याला खालचा वर्ग म्हणजे विसांवा नसतो. जमाखर्चाच्या वहींतील ती शेवटची ओळ असते. वास्को किंवा पणजी यांच्यापेक्षां मुंबईची श्रीमंती मोठी, पण फुटबॉलच्या बाबतींत गोव्याच्या गांवांची मुळें खोल गेलेलीं आहेत.

अमर प्रकारहि कायम राहिला नाहीं. २०२३ मध्यें पंजाबचा संघ आय-लीग जिंकून सुपर लीगमध्यें गेला; २०२४ मध्यें मोहमेडन स्पोर्टिंगनेंहि तोच मार्ग धरला. वर जाण्याची वाट अशी उघडली. खालीं येण्याची वाट मात्र त्या दोन हंगामांत बंदच होती. धेंपोनें त्या सुमारास पुन्हां पहिल्या पायरीपासून आरंभ केला होता. २०२३-२४ मध्यें तिसऱ्या पायरीवरील आय-लीग दोनमध्यें तो दुसरा आला आणि २०२४-२५ च्या हंगामांत, पांच वेळां देशाचा विजेता ठरलेला हा संघ, घसरणीनंतर नऊ वर्षांनीं आय-लीगच्या मैदानावर उतरला.