मे महिन्याचा पंखा, ऑगस्टची हवा

एकोणिसाव्या शतकात वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटचा कापूस इंग्लंडच्या बाजारात गावाच्या नावाने ओळखला जाई. कापूस जवळ आणि वरोऱ्याचा कोळसाही फार लांब नाही, हे हेरून जमशेटजी टाटांनी शेजारच्या नागपुरात एम्प्रेस मिल उभारली. ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. पुढे हिंगणघाट आणि पुलगाव येथेही गिरण्या निघाल्या. कच्चा माल दाराशी होता. अडचण होती ती हवेची.

मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा अगदी कोरडी होते. अशा हवेत कापसाचा धागा ठिसूळ बनतो, घर्षणाने त्यावर विद्युतभार साचतो, तंतू विस्कटतात आणि धागा वारंवार तुटतो. म्हणून एम्प्रेस मिलमध्ये हवा दमट राखणारी यंत्रे बसवली गेली. भारतातील अशी ती पहिलीच समजली जातात. पुढे गिरण्यांतून एक पद्धत रूढ झाली. मोठा पंखा बाहेरची हवा ओढतो, पाण्याच्या फवाऱ्यातून नेतो आणि गार, ओलसर हवा खात्यात सोडतो. विदर्भातल्या घरोघरचा कूलर याच तत्त्वावर चालतो.

हा पंखा केवढा घ्यावा? अर्थातच मे महिन्यातील दुपारला पुरेल एवढा. पण ऑगस्टमध्ये हवा मुळातच दमट असते, डिसेंबरात ती गार असते. तेव्हा एवढ्या वाऱ्याची गरज नसते. त्यावर जुना उपाय म्हणजे हवेच्या वाटेत झडप बसवून ती अर्धवट मिटणे. मोटर मात्र पूर्ण वेगानेच फिरत राही. हे म्हणजे मोटारगाडीचा ॲक्सिलरेटर दाबून धरायचा आणि वेग ब्रेकने आवरायचा, असे झाले!

मग मोटरचाच वेग कमी का करीत नसत? याचे उत्तर मोटरच्या जन्मातच आहे. १८८८ मध्ये फेरारिस आणि टेस्ला यांनी फिरत्या चुंबकीय क्षेत्रावर चालणारी मोटर जगापुढे मांडली. १८८९ मध्ये दोलिवो-दोब्रोवोल्स्कीने तिला तीन फेजचे दणकट रूप दिले. या इंडक्शन मोटरचा वेग विजेच्या वारंवारतेशी बांधलेला असतो. चार ध्रुवांच्या मोटरमध्ये ५० हर्ट्झला चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते आणि मोटर त्याच्या किंचित मागे राहते. वारंवारता ठरते वीजकेंद्रात; गिरणीच्या हाती ती नव्हती. डीसी मोटरचा वेग बदलणे सोपे होते, पण तिच्या ब्रशांतून ठिणग्या उडतात आणि कापसाच्या धुळीत ठिणगी परवडत नाही.

ही गाठ अर्धवाहकांनी सोडवली. १९५७ मध्ये थायरिस्टर आला. १९६८ मध्ये डेन्मार्कच्या डॅनफॉस कंपनीने मोठ्या प्रमाणावर तयार होणारा पहिला व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह, म्हणजे व्हीएफडी, बाजारात आणला. १९८० च्या दशकात भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ जयंत बालिगा यांनी अमेरिकेत विकसित केलेल्या आयजीबीटी या घटकामुळे हे यंत्र आटोपशीर झाले. व्हीएफडी आधी एसी विजेची डीसी करतो आणि मग वेगाने उघडझाप करणाऱ्या आयजीबीटींच्या साहाय्याने हव्या त्या वारंवारतेची एसी घडवतो. वारंवारतेबरोबर व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवावे लागते, नाहीतर मोटरचा गाभा चुंबकीयदृष्ट्या संपृक्त होऊन ती तापते.

फायदा किती? पंख्याची हवा वेगाच्या प्रमाणात बदलते, पण लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्के केला तर शक्ती ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे सुमारे ५१ टक्के लागते. २० किलोवॅट घेणारा पंखा १० तासांत २०० युनिट खातो. ८० टक्के वेगाने तो सुमारे १०२ युनिट खाईल. ड्राइव्हची स्वतःची थोडी गळती यात धरावी. जो पंखा वर्षभर पूर्ण वेगानेच लागतो, तेथे मात्र व्हीएफडी बसवून ही गळतीच पदरी पडते. म्हणून आधी वर्षाची नोंद ठेवावी, मग खरेदी करावी.

निवडताना केवळ किलोवॅट पाहू नयेत. मोटरच्या पाटीवरील पूर्णभाराचा अँपिअर-आकडा ड्राइव्हच्या क्षमतेत बसतो का, ते पाहावे. अनेक ड्राइव्हची क्षमता ४० अंश तापमानाला सांगितलेली असते. वर्ध्याच्या उन्हाळ्यात पेटीच्या आत त्याहून जास्त तापते, म्हणून एक पायरी मोठा ड्राइव्ह घ्यावा किंवा तो थंड, हवेशीर खोलीत ठेवावा. कापसाची धूळ आत जाऊ देऊ नये. ड्राइव्ह ते मोटर ही केबल शक्यतो आखूड असावी, अर्थिंग पक्के असावे आणि या बाजूला कपॅसिटर कधीच लावू नये. फार कमी वेगात मोटरचा स्वतःचा पंखाही मंदावतो, म्हणून किमान वेगाची मर्यादा घालावी. वीज तोडल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये भार उरतो. पुस्तिकेत दिलेली मिनिटे थांबूनच झाकण उघडावे.

वर्गात विद्यार्थ्यांना एक उदाहरण घालावे: वेग ५० हर्ट्झऐवजी ५५ केला, तर शक्ती किती लागेल? उत्तर सुमारे १.३३ पट येते. बचत करणारा घनच मोटर जाळू शकतो, हे त्यांच्या लगेच ध्यानात येईल.