रिकाम्या गाळ्यांची दवंडी

व्यापाराच्या इतिहासात मालाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ज्या जागेत बसून तो माल विकला जातो, त्या जागेविषयी त्या मानाने थोडेच. वास्तविक दुकानाचा गाळा, कचेरीचा मजला किंवा गोदाम याही विकावयाच्या अथवा भाड्याने द्यावयाच्या वस्तूच होत. त्यांनाही गिऱ्हाईक शोधावेच लागते. आज हा शोध संकेतस्थळांवर चालतो. साधन नवे आहे. त्यामागची अडचण मात्र फार जुनी आहे. ती कोणती, आणि या नव्या साधनाने ती कितपत दूर केली, एवढ्याच प्रश्नाचा येथे आपण विचार करू.

सोळाव्या शतकात टॉमस ग्रेशम या धनाढ्य गृहस्थाने लंडनमध्ये व्यापाऱ्यांसाठी एक भव्य वास्तू बांधली. खाली व्यापाऱ्यांनी एकत्र जमावयाचा चौक आणि वर दुकानांचे गाळे, अशी तिची रचना होती. वास्तू उभी राहिली, पण वरचे गाळे बरेचसे ओस. अशात १५७१ च्या जानेवारीत एलिझाबेथ राणी तेथे भेटीस यावयाची ठरली. जुने बखरकार सांगतात की, ग्रेशमने जे थोडे दुकानदार होते त्यांच्याकडे एका दिवसात दोनदा फेरी मारली आणि विनविले, 'जितके गाळे तुम्ही मालाने आणि मेणबत्त्यांनी सजवाल, तितक्यांचे वर्षभराचे भाडे माफ.' तेव्हा एका गाळ्याचे भाडे वर्षास ४० शिलिंग होते. राणी आली, तिने झगमगाट पाहिला आणि वास्तूला 'रॉयल एक्स्चेंज' हे नाव दिले. पुढे हेच भाडे टप्प्याटप्प्याने साडेचार पौंडांपर्यंत, म्हणजे दुपटीहून अधिक चढले.

या प्रसंगात जागेच्या जाहिरातीचे सारे मर्म आहे. रिकामी जागा स्वतः बोलत नाही. तिच्याकडे लोकांचे डोळे वळवावे लागतात. परंतु त्याच प्रसंगात एक धोकाही आहे. मेणबत्त्यांच्या उजेडात गाळे भरलेले दिसले. त्यांतील किती खरोखर भाड्याने गेलेले होते, हे पाहुण्याला कसे कळावे?

राहत्या घराच्या बाबतीत ही अडचण थोडी सौम्य असते, कारण घराचा उपयोग सर्वांना ठाऊक असतो. व्यापारी जागेचे तसे नाही. एकाला मजला हवा, दुसऱ्याला मालमोटार थेट आत येईल असे गोदाम हवे, तिसऱ्याला रस्त्यावरचा दर्शनी गाळा. करार वर्षानुवर्षांचे, रकमा मोठ्या. त्यामुळे कोणती जागा केव्हा मोकळी होणार, मागचा भाडेकरू काय दर देत होता, ही माहिती दलालाच्या वहीत आणि त्याहूनही अधिक त्याच्या डोक्यात असे. तीच त्याची पुंजी. ती तो सहजासहजी उघड का करील?

ही वही उघडण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. १९८७ मध्ये अँड्र्यू फ्लोरन्स यांनी कोस्टार या नावाने पुढे प्रसिद्ध झालेली कंपनी स्थापन केली. माणसे नेमून इमारतींची माहिती गोळा करावयाची, ती पडताळावयाची, छायाचित्रे घ्यावयाची आणि वर्गणी देणाऱ्यांना ती पुरवावयाची, असा तिचा धंदा. दरम्यान टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये मांडलेली जागतिक जाळ्याची कल्पना प्रत्यक्षात आली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी जिनिव्हाच्या सर्न या संशोधनसंस्थेने ते तंत्र सर्वांस मोफत खुले केले. १९९५ मध्ये लूपनेट ही दुसरी संस्था निघाली. तिची रीत वेगळी. मालकांनी आणि दलालांनी आपापल्या जागांची माहिती स्वतःच संकेतस्थळावर चढवावी, आणि ज्याला हवी त्याने ती पाहावी.

या दोन रीतींतला फरक आपण नीट ध्यानात घेतला पाहिजे. पहिलीत पडताळणी आहे, पण ती महाग आहे. दुसरीत मोकळीक आहे, पण जो चढवील त्याच्या प्रामाणिकपणावर सारी भिस्त. दोघांचा संघर्ष अटळच होता. दलालांनी कोस्टारची छायाचित्रे लूपनेटवर चढविली आणि प्रकरण न्यायालयात गेले. २००४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने बहुमताने म्हटले की, नक्कलयंत्राचा मालक जसा त्यावर दुसऱ्याने काढलेल्या प्रतीला थेट जबाबदार नसतो, तसेच येथेही समजावे. न्यायालयात लूपनेट टिकली. बाजारात मात्र २०१२ मध्ये कोस्टारने तिला सुमारे ८६ कोटी डॉलरना विकत घेतले. स्पर्धा अगदीच संपू नये म्हणून तेथील सरकारी व्यापार आयोगाने एक अट घातली. एक्सेलिजंट या तिसऱ्या कंपनीतील लूपनेटचा हिस्सा विकावा लागला. पण कोस्टारने तिच्यावरही दावा लावला आणि २०१७ च्या डिसेंबरात एक्सेलिजंट दिवाळखोरीत गेली. दलालाची वही उघडली खरी. पण ती पुन्हा एका मोठ्या कपाटात जाऊन बसली.

मग लहान व्यावसायिकाने काय करावे? स्वतःचे संकेतस्थळ उभारावे, हे उत्तर सोपे वाटते. पण ते आडगल्लीतल्या दुकानासारखे असते. तेथवर गिऱ्हाईक आणावे लागते. १९९८ मध्ये गोटू या शोधयंत्राने वरच्या क्रमांकासाठी बोली लावण्याची पद्धत आणली, आणि २००० मध्ये गूगलने जाहिरातींची स्वतःची योजना ३५० जाहिरातदारांनिशी सुरू केली. म्हणजे जागेची जाहिरात करण्यासाठी आणखी एक जागा भाड्याने घ्यावयाची! पैसे असतील तोवर वरचा क्रमांक; ते संपले की पुन्हा आडगल्ली.

टिकाऊ उपाय एकच दिसतो. तो म्हणजे शोधणाऱ्याला खरोखर हवे ते सांगणे. प्रत्येक जागेचे स्वतंत्र पान असावे. त्यावर पूर्ण पत्ता, मजला, चटई क्षेत्र, भाडे, अनामत, देखभालखर्च, वीजभार, वाहनतळ आणि कोणत्या वापरास परवानगी आहे, हे स्पष्ट अक्षरांत असावे. छायाचित्र त्याच जागेचे असावे, आणि माहिती कोणत्या तारखेची आहे हेही लिहावे. गेलेली जागा त्याच दिवशी पानावरून काढावी. दर्शनी पानावरच्या रोषणाईपेक्षा याने गिऱ्हाईक अधिक येते, आणि आलेले टिकते.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. पुढे घरे-गाळ्यांच्या जाहिराती तेथे गेल्या, आणि जुनी फसवणूकही मागोमाग गेली. भिंती, जिने, व्हरांडे धरून फुगविलेले क्षेत्रफळ सांगावयाचे आणि हाती पडावयाचे त्याहून कितीतरी कमी, हा अनुभव अनेकांच्या गाठीस आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या ठरविली. त्यात कचेरी, दुकान आणि गोदामही येते. नोंदणीकृत प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता ठळकपणे देणे बंधनकारक झाले. खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरणाऱ्यास भरपाईचा, आणि व्यवहार सोडावयाचा असल्यास व्याजासह परताव्याचा हक्क मिळाला. १ मे २०१७ पासून महारेराचे काम सुरू झाले, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातींवर क्यूआर संकेतही सक्तीचा झाला. प्रकाश आणि पडताळणी प्रथमच एका ठिकाणी आली, असे म्हणावयास हरकत नाही.

तरीही एक मोठे क्षेत्र बाहेर राहिले आहे. हा कायदा विक्रीसाठी आहे. साध्या भाडेकरूला त्याचे संरक्षण नाही. आणि गावातला नवा दुकानदार, वकील, दवाखाना थाटणारा तरुण डॉक्टर, हे बहुधा भाड्यानेच जागा घेतात. त्यांची आयुष्यातली पहिली शिल्लक अनामतीत जाते. तेथे हा कायदा नाही, हे प्राधिकरण नाही. आहे तो केवळ जागा देणाऱ्याने आपल्या पानावर लिहिलेला शब्द. तो शब्द खरा राखणे ही केवळ नीतीची गोष्ट नव्हे, धंद्याचीही आहे. मेणबत्त्यांनी एक संध्याकाळ उजळते. पण भाडेकरू दुसऱ्या दिवशी सकाळी, लख्ख उन्हात, हातात टेप घेऊन येतो.