न घेतलेल्या औषधाचा माग

औषधाची गोळी घशाखालीं उतरली, कीं मनुष्य तिचा विचार सोडून देतो. दुखणें हटलें म्हणजे तिचें काम संपलें, अशीच सर्वांची समजूत असते. परंतु पोटांत गेलेलें सर्व औषध शरीरांत जिरत नाहीं. त्याचा कांहीं भाग मूळ रूपांत व कांहीं भाग रूप पालटून मूत्रावाटे बाहेर पडतो आणि मोरीच्या पाण्याबरोबर गटारास मिळतो. तेथून पुढें तो कोठें जातो, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फारसा कोणीं विचारला नव्हता.

अमेरिकेंतील हिग्नाइट व अझारनॉफ या दोघां संशोधकांनीं १९७७ सालीं कॅन्सस सिटींतील शुद्ध करून सोडलेलें सांडपाणी तपासलें. त्यांत रक्तांतील चरबी कमी करणाऱ्या एका औषधापासून होणारें क्लोफायब्रिक आम्ल त्यांना आढळलें. या शोधाकडे त्या वेळीं फारसें लक्ष गेलें नाहीं. पुढें १९९० नंतर बर्लिन येथें स्टान व हेबरर हे भूजलांत तणनाशकांचे अंश शोधीत असतांना तेंच आम्ल त्यांच्या हातीं लागलें. एका तणनाशकाच्या रेणूंत जे व जितके अणु असतात, तेच व तितकेच या आम्लांतही असतात. भेद केवळ मांडणीचा असतो. शेतांतील विष शोधावयास निघालेल्यांना अशा रीतीनें रुग्णाचें औषध सांपडलें! पुढें २००२ सालीं अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानें ३० राज्यांतील १३९ प्रवाहांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषधें, संप्रेरकें व तत्सम ९५ द्रव्यांचा शोध घेतला असतां, शेंकडा ८० प्रवाहांत त्यांपैकीं एक तरी द्रव्य निघालें.

एक लिटर पाण्यांत ग्रॅमचा अब्जावा भाग ओळखणें हें साध्या रसायनशाळेचें काम नव्हे. द्रावांतील रेणूंना विद्युद्भार देऊन त्यांचे सूक्ष्म तुषार उडवावयाचे व मग त्यांचें वस्तुमान मोजावयाचें, ही युक्ति जॉन फेन यांनीं १९८० नंतरच्या दशकांत सिद्धीस नेली. त्याबद्दल २००२ सालीं त्यांना नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. या साधनानें नदीप्रमाणेंच माणसाच्या मूत्राचीही परीक्षा करतां येऊं लागली.

मग खरा प्रश्न उभा राहिला: जें औषध मनुष्यानें कधीं घेतलेंच नाहीं, तें त्याच्या शरीरांत शिरतें काय? या प्रश्नाची परीक्षा इस्रायलमध्यें झाली, आणि त्यास कारणही तसेंच होतें. त्या देशांत पाण्याचें दुर्भिक्ष असल्यामुळें शेंकडा ८० हून अधिक सांडपाणी शुद्ध करून शेतीस दिलें जातें. अपस्मारावर दिलें जाणारें कार्बामाझेपिन हें औषध शुद्धीकरणांतून जवळजवळ जसेंच्या तसें निसटतें. रोपटें पाणी शोषून घेतें, तेव्हां औषधही त्याबरोबर वर चढतें; पानांतून पाणी वाफ होऊन उडून जातें व औषध मागें राहतें. म्हणून फळांपेक्षां पानांत त्याचा सांठा अधिक होतो.

ओरा पाल्तिएल, बेनो शेफेट्झ व त्यांचे सहकारी यांनीं ३४ निरोगी स्त्रीपुरुषांचे दोन गट पाडले. पहिल्या गटास एक आठवडा शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर पिकविलेल्या भाज्या दिल्या व दुसऱ्या आठवड्यांत गोड्या पाण्यावरील. दुसऱ्या गटास याच्या उलट. पिण्याच्या पाण्याचा संशय राहूं नये म्हणून सर्वांना बाटलींतील पाणी देण्यांत आलें. २०१६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस सांडपाण्यावरील भाजी खाणाऱ्या पहिल्या गटांतील प्रत्येकाच्या मूत्रांत कार्बामाझेपिन मोजतां येण्याइतकें निघालें. दुसऱ्या गटाची स्थिति मात्र आरंभीं होती तशीच राहिली. पुढें गोड्या पाण्यावरील भाजी सुरू होतांच पहिल्या गटांतील प्रमाण पुनः उतरलें.

हें प्रमाण रुग्णाच्या शरीरांतील प्रमाणापेक्षां अत्यंत अल्प होतें. तेव्हां सांपडलें म्हणजे बाधलें, असें म्हणतां येणार नाहीं. परंतु रुग्ण औषध घेतो तें वैद्याच्या सल्ल्यानें, ठराविक मात्रेनें व लाभाच्या आशेनें. भाजी खाणाऱ्यास यांपैकीं कांहींच नसतें. पूर्ण मात्रेंत हेंच औषध गर्भास अपायकारक ठरूं शकतें, हें वैद्यकास ठाऊक आहे. अल्प मात्रा वर्षानुवर्षें पोटांत गेल्यास काय होतें, याचा निर्णय आठवड्याच्या प्रयोगानें लागत नाहीं.

सांडपाण्याचा त्याग करावा, तर कोरड्या देशांतील शेतें ओसाड पडतील. डोळे मिटून वापरावें, तर एकाचें औषध दुसऱ्याच्या ताटांत जाईल. या पेचांतून सुटण्याची वाट मोजमापापासूनच सुरू होते. जें दिसत नव्हतें तें आतां दिसूं लागलें आहे. आणि एकदां दिसल्यावर, ठाऊक नव्हतें ही सबब कोणासही उरत नाहीं.