इंजिन शक्तिवृद्धी

इंजिन शक्तिवृद्धी म्हणजे अंतर्ज्वलन इंजिनाचे आकारमान फारसे न वाढवता त्यातून मूळ रचनेपेक्षा अधिक अश्वशक्ती मिळवण्याची प्रक्रिया होय. स्पोर्ट्‌स कार आणि शर्यतीच्या गाड्यांसाठी तिचा प्रामुख्याने वापर होतो. अधिक शक्ती मिळवणे तुलनेने सोपे असते. ती शक्ती इंजिनाने दीर्घकाळ न बिघडता देत राहणे हा या तंत्रातील अवघड भाग आहे.

तत्त्व

इंजिनाची शक्ती ही टॉर्क आणि फिरण्याची गती यांच्या गुणाकाराइतकी असते. त्यामुळे शक्ती वाढवण्याचे मार्ग मुळात दोनच आहेत. टर्बोचार्जरने अधिक हवा दाबून भरल्यास टॉर्क वाढतो, पण सिलिंडरमधील दाब व तापमानही वाढते. इंधनाचा उरलेला भाग आपोआप पेटून ठोके बसू लागतात आणि पिस्टनचा माथा किंवा हेड गॅस्केट निकामी होते. दुसरा मार्ग गती वाढवण्याचा. यात पिस्टनच्या जडत्वामुळे येणारा ताण गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

उदाहरण : टॅमो रेसमो

टाटा मोटर्सने मार्च २०१७ मध्ये जिनिव्हा मोटार प्रदर्शनात रेसमो ही दोन आसनी स्पोर्ट्‌स कार सादर केली. तिचे १.२ लिटर, तीन सिलिंडरचे रेव्होट्रॉन टर्बो पेट्रोल इंजिन मिनिटाला ६,५०० फेऱ्यांवर १९० मेट्रिक अश्वशक्ती देईल, असे कंपनीने जाहीर केले होते. त्याच वर्षी विक्रीस आलेल्या नेक्सॉनमध्ये याच कुळातील, तेवढ्याच क्षमतेचे इंजिन ५,००० फेऱ्यांवर ११० अश्वशक्ती देत असे. वाढ सुमारे १.७३ पट. यातील १.३ पट गतीमुळे व उरलेली १.३३ पट त्या गतीला मिळणाऱ्या टॉर्कमुळे, म्हणजे दोन्ही मार्गांचा वाटा जवळजवळ सारखा. मात्र पिस्टनचे वजन व स्ट्रोक तेवढेच धरल्यास केवळ गतीमुळे जडत्वाचा ताण ६९ टक्क्यांनी वाढतो. रेसमो विक्रीस आली नाही. त्यामुळे ग्राहकांच्या वापरात हे इंजिन किती टिकले असते, याचा पडताळा झाला नाही.

टिकाऊपणाचे उपाय

उत्सर्जन स्ट्रोकच्या शेवटी पिस्टनवर वायूचा दाब नसल्याने कनेक्टिंग रॉड व त्याचे बोल्ट यांवर सर्वाधिक ओढ पडते. म्हणून ओतीव भागांऐवजी घडीव पोलादी रॉड आणि हलके घडीव पिस्टन वापरतात. ठोके टाळण्यासाठी इंटरकूलर, अधिक ऑक्टेनचे पेट्रोल आणि किंचित उशिरा दिलेली ठिणगी उपयोगी पडते.

वंगणाकडे मात्र हौशी कारागिरांचे अनेकदा दुर्लक्ष होते. वेगात वळण घेताना तेल सम्पच्या एका बाजूला सरकते, पंप हवा ओढतो आणि बेअरिंगवरील तेलाचा थर तुटून ते काही क्षणांत जळू शकते. यासाठी सम्पमध्ये आडवे पडदे बसवतात किंवा तेल वेगळ्या टाकीत ठेवणारी ड्राय सम्प रचना करतात.

भारतातील कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल वाहनात करण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे.