तुलनेतील ‘आपले’: ‘यमुनापर्यटन’ आणि उल्हास नदीकाठची तीन गावे

कादंबरीतील धर्ममूल्यांची वाचक स्वतःच्या मूल्यांशी तुलना करतो, तेव्हा कादंबरीची बाजू छापील संहितेत समोर असते. ‘स्वतःची’ बाजू मात्र बहुधा गृहीत धरलेली असते. मराठीत हा प्रश्न कादंबरीच्या आरंभापासूनच उभा आहे. मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणारी बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. लेखकाने १८५४ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला होता. यमुना आणि विनायक यांच्या प्रवासात हिंदू विधवांच्या हालअपेष्टांची प्रकरणे एकामागून एक येतात. पुढे यमुनाच विधवा होते आणि अखेर ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते.

या कादंबरीला प्रचारकी म्हणून दूर सारता येते; किंवा तिच्यातील धर्मविचार वगळून केवळ सुधारणावादी कृती म्हणून तिचा गौरव करता येतो. दोन्ही वाचनांत ‘आपले’ तपासले जात नाही. ते किती अनेकपदरी असते, हे कल्याणच्या पुढे एकाच रेल्वेमार्गावर असलेल्या तीन गावांच्या इतिहासातून दिसते.

अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर शके ९८२ (इ. स. १०६०) च्या शिलालेखामुळे प्रसिद्ध आहे. तेथे परंपरा अखंड आणि एकसंध भासते. पण दगडावरून राजाश्रय कळतो, विधवेचे जिणे कळत नाही. बदलापुरात ना. गो. चापेकर यांनी ‘आमचा गाव बदलापूर’ (१९३३) या ग्रंथात गावच्या जाती, धंदे व चालीरीती नोंदवल्या. ‘आपले’ गृहीत न धरता पाहण्याचा हा मराठीतील महत्त्वाचा प्रयत्न होय. मात्र नोंदीतून प्रथा समजते. ती सोसणाऱ्याचे मन समजण्यासाठी कादंबरीकडेच यावे लागते.

तिसरे गाव उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ मध्ये तिला हे नाव मिळाले. झुलेलालची उपासना, टिकाण्यांतील गुरू ग्रंथसाहिबाचे पठण आणि शाह लतीफ यांच्या काव्याचा वारसा एकत्र बाळगणाऱ्या या समाजाची मूल्ये हिंदू-ख्रिस्ती अशा सरळ द्वंद्वात बसत नाहीत. धर्मामुळे घर दुरावणे हा त्याच्या स्मृतीचा भाग आहे. यमुनेचे धर्मांतर अशा वाचकाने वाचल्यास त्याला एक भेद जाणवू शकेल: यमुनेने नवा धर्म निवडला, निर्वासितांना धर्म राखण्यासाठी भूमी सोडावी लागली. स्वेच्छा आणि सक्ती यांमधील हे अंतर सिद्धान्तांच्या तुलनेत सुटून जाते.

म्हणून कोणता धर्म श्रेष्ठ, या प्रश्नाने तुलना सुरू झाली की ती आधीच निकालात निघते. पदमनजींचा निष्कर्ष अमान्य असलेल्या वाचकालाही त्यांच्या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते: ज्या स्त्रीला निवडीचा अधिकार नाही, तिच्याशी आपली मूल्ये कसे वागतात? हा प्रश्न कादंबरीतील ख्रिस्ती समाजालाही तितकाच लागू होतो. कादंबरी तपासता तपासता वाचकाची स्वतःची बाजूही तपासली जाते, तेव्हाच त्या वाचनाला तुलना म्हणता येईल.