उजव्या हाताचे सत्तर टक्के

१९२३ साली केंद्रीय कायदेमंडळाने कामगार नुकसानभरपाई कायदा मंजूर केला. त्याच्या शेवटी एक छोटं परिशिष्ट होतं. उजवा हात कोपरातून किंवा त्याच्या वर गेला तर ७० टक्के, डावा गेला तर ६०. पाय गुडघ्यातून किंवा वर गेला तर ६०. एक डोळा ३०, अंगठा २५, तर्जनी १०, बाकीचं कुठलंही बोट ५.

माझ्या उजव्या हाताला जन्मताना इजा झाली. एम.ए.ला इतिहास घेतला असल्याने ही यादी मी अभ्यास म्हणून वाचणं अपेक्षित होतं, पण दुकानातल्या दरपत्रकात आपल्याला हवी ती वस्तू शोधावी तशी मी आधी माझी ओळ शोधली. ती सापडली नाही. का सापडली नाही, हे समजायला मला स्वतःच्या पेन्शनचा अर्ज आठवावा लागला.

त्या परिशिष्टातले टक्के शरीराचे नव्हतेच, कमाईचे होते. मागावर किंवा सांच्यावर काम करणाऱ्या माणसाचा हात गेला तर त्याची कमावण्याची ताकद किती घटली, एवढंच त्यांत मोजलं होतं. उजवा हात दहा टक्क्यांनी महाग, कारण यंत्र उजव्या हाताने चालतं असं गृहीत धरलेलं. माणूस कामातून कायमचा पूर्ण उठला तर ४२ महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम. आज हे निष्ठुर वाटतं, पण त्या काळी ही मोठी मजल होती. त्याआधी कामगाराला मालकाची चूक कोर्टात सिद्ध करावी लागे, आणि गिरणीतल्या माणसाला ते कुठून परवडणार? नव्या कायद्याने अपघात कामावर झाला एवढं बहुतेक वेळा पुरेसं ठरवलं. कामगारांच्या वतीने नेमलेले नारायण मल्हार जोशी तेव्हा त्याच सभागृहात बसत होते. पुढच्या दुरुस्त्यांत डावं-उजवं हा भेद गेला, अंगठ्याचे ३० झाले, पण तत्त्व तेच राहिलं : आधी कमावत होतास, आता तेवढं कमावू शकत नाहीस, म्हणून ही भरपाई.

सैनिकांचंही तसंच. पहिल्या महायुद्धातून हात-पाय गमावून परतलेल्या जवानांसाठी १९१७ मध्ये गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट उघडली. ती पुढे खडकीला गेली आणि आजही तिथे आहे. सैनिकाच्या अपंगत्व पेन्शनमध्येही टक्केवारी असते, आणि पहिला प्रश्न असतो तो इजा सेवेमुळे झाली का हा. कामगाराचं देणं मालकाच्या डोक्यावर, जवानाचं सरकारच्या. दोघांच्याही बाबतीत कुणीतरी काहीतरी देणं लागत होतं.

जन्मतःच जायबंदी झालेल्या मुलीचं देणं कुणाच्या डोक्यावर?

महाराष्ट्राने या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच दारातून दिलं. १९८० साली, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. विधवा, परित्यक्ता, अनाथ मुलं, दुर्धर आजारी आणि अपंग अशा सगळ्यांना त्या एकाच छपराखाली जागा मिळाली. गावात आजही 'निराधारचे पैसे' असंच म्हणतात. चांगली गोष्ट झाली, यात वाद नाही. पण आमच्यासारख्यांची पेन्शन गरिबीच्या खात्यात जमा झाली ती तेव्हापासून. माझा हात चालत नाही एवढं पुरेसं नव्हतं. माझ्या घरात खायला नाही, हेही दाखवायला हवं होतं.

मग गिरणीतून आलेली टक्केवारीही या दारात येऊन उभी राहिली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने वैद्यकीय मंडळाने दिलेले किमान ४० टक्के ही रेषा आखली. ते ४० कसे मोजायचे याच्या सविस्तर मार्गदर्शक सूचना २००१ मध्ये निघाल्या. २०१८ मध्ये त्या बदलल्या, तरी मोजण्याची चौकट बरीचशी तीच राहिली. हाताचं मोजमाप तीन अंगांनी होतं : सांधा किती अंशांत हलतो, स्नायूंत ताकद किती, आणि रोजची कामं जमतात का. या शेवटच्या भागात दहा कामं आहेत, प्रत्येकाला नऊ टक्के. डोक्यावरची वस्तू काढून परत ठेवणं, नाकाला हात लावणं, आपल्या पद्धतीने हाताने जेवणं, केस विंचरून वेणी घालणं, सदरा घालणं, शौचानंतरची स्वच्छता, पेल्याने पाणी पिणं, बटणं लावणं, नाडी किंवा धोतर बांधणं, लिहिणं. ही यादी मला मनापासून आवडते. परदेशी पुस्तकातून ती उतरवलेली नाही, हे तिच्यातल्या नाडीवरूनच कळतं.

माझी कथा साधी आहे. मी जन्मले तेव्हा वजनाने मोठी होते. डोकं बाहेर आलं, खांदा अडकला, ओढाओढीत मानेतून हातात जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्या. जर्मन डॉक्टर विल्हेल्म एर्ब यांनी १८७४ साली या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. माझा हात छातीच्या वर जात नाही, कोपर सरळ होत नाही, तळवा मागे वळलेला असतो. लहानपणी एक प्रमाणपत्र काढलं होतं, मुदतीचं. अठरा पूर्ण झाल्यावर ते नव्याने काढायचं होतं, आणि या वेळी पेन्शनसाठीही अर्ज करायचा होता.

मंडळ बसतं त्या दिवशी आई आणि मी पहाटेची एसटी पकडून जिल्ह्याला गेलो. ओळीत पोलिओचे काका होते, दोन मूकबधिर भावंडं होती, साखर कारखान्यात बोटं गेलेला एक तरुण होता. त्या तरुणाला डॉक्टरांनी विचारलं, "अपघाताआधी काय काम करत होतात?" माझी पाळी आली तेव्हा विचारायला 'आधी' नव्हतंच. कोनमापकाने खांदा मोजून झाला. मग डॉक्टर म्हणाले, "वेणी घालता येते?"

मी म्हणाले, "येते."

आईने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झाले. वेणी मी घालते ती डाव्या हाताने, एक पेड दातांत धरून आणि पाठ दाराला टेकवून. हे डॉक्टरांना सांगायचं की नाही, हेच मला कळेना. आईने सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, काहीतरी लिहिलं. पुढचा प्रश्न होता, "लिहिता कुठल्या हाताने?"

"डाव्या."

नियमात मुख्य हाताला काही जादा टक्के आहेत. १९२३ च्या त्या सत्तर आणि साठमधला फरक वेगळ्या रूपाने अजून जिवंत आहे. पण मी डावरी आहे ती उजवा हात कधी कामाचाच नव्हता म्हणून. ज्या इजेने मला डावरी केलं, तिच्याच हिशेबात माझा उजवा हात दुय्यम ठरला. यात त्या डॉक्टरांचा दोष नाही, त्यांनी तक्ता नीट भरला. ज्याच्याकडे आधी काहीतरी होतं आणि मग ते गेलं, अशा माणसासाठी तक्त्याचा पाया घातला गेला होता. माझं काही गेलं नाही, मला ते मिळालंच नाही. तरी ४० ची रेषा मी ओलांडली. पुढे ऑनलाइन नोंदणी होऊन दिव्यांग ओळखपत्राचं पिवळं कार्ड आलं. ४० ते ८० टक्क्यांच्या मध्ये असणाऱ्यांना पिवळं मिळतं, वरच्यांना निळं.

त्यानंतर तहसील. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा, रेशनकार्ड, आधारला जोडलेलं बँक पासबुक. अपंगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये, म्हणजे महिन्याला चार हजारांच्या थोडं वर. सेतू केंद्रातली ताई फॉर्म भरताना म्हणाली, "वडिलांचं उत्पन्न लिहायचं, तुझं नाही." मी मतदान केलं होतं, बँकेत माझ्या सहीने खातं होतं. त्या रकान्यात मात्र मी वडिलांच्या जिरायती रानाचा एक भाग होते. वडील एखाद्या वर्षी बरं पीक काढतील, तर माझा हात सरकारदरबारी बरा होईल.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हे गणित थोडं हलवलं. त्याचं कलम २४ सांगतं की अशा योजनांत दिव्यांगांना मिळणारी रक्कम इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी. या जादा पंचवीस टक्क्यांत मला एक कबुली दिसते : दोन माणसं सारखीच गरीब असली, तरी ज्याचं शरीर अडतं त्याला जगायला जास्त पैसे लागतात. मला शिवलेले कपडे बदलून घ्यावे लागतात, फिजिओथेरपी लागते, गर्दीच्या बसमध्ये दांडा धरता येत नाही म्हणून कधी रिक्षा लागते. महाराष्ट्रात २०२३ मध्ये निराधारची रक्कम सरसकट दीड हजार झाली तेव्हा हा फरक कुठे दिसला नाही. २०२५ मध्ये दिव्यांगांच्या प्रश्नांवर लढणारे नेते बच्चू कडू यांचं मोझरीचं उपोषण झालं, आणि त्यानंतर दिव्यांगांसाठी अडीच हजारांचा निर्णय आला.

त्याच कलम २४ मध्ये उत्पन्नाच्या मर्यादेलाही जागा ठेवली आहे, त्यामुळे दोन्ही जुनी खाती अजून चालू आहेत. मंडळ विचारतं, किती गमावलंस? तहसील विचारतं, किती गरीब आहेस? पहिला प्रश्न गिरणीतल्या कामगारासाठी तयार झाला, दुसरा निराधारासाठी, आणि ज्याच्या त्याच्यासाठी तो योग्यच होता. माझ्यासारख्या मुलीला विचारायचा प्रश्न तिसराच आहे : या हातासकट स्वतःच्या पायावर उभं राहायला तुला दर महिन्याला जास्तीचं किती लागतं? कलम २४ मधले ते पंचवीस टक्के या प्रश्नाच्या जवळ जाणारे आहेत. फॉर्ममध्ये त्याचा रकाना अजून आलेला नाही, आणि तो यावा ही मागणी करायला वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला लागत नाही.